तोट्यातल्या कंपनीत साहेबांच्या पगाराला 'नाही' कोण म्हणतं?

लेखमाला : ताळेबंदाआडची माणसं – भाग सातवा

2014च्या जुलैमध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी तीन बड्या अधिकाऱ्यांच्या मानधनाचे ठराव पाडले. त्यांतले एक अधिकारी तेव्हा हयातही नव्हते. जनरल मोटर्सचा भारतातला कारभार सांभाळून 2012 मध्ये टाटा मोटर्सचे व्यवस्थापकीय संचालक झालेले कार्ल स्लिम 2014च्याच जानेवारीत बँकॉकमधल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरून पडून मरण पावले. दुसरे दोघे रवींद्र पिशारोडी आणि सतीश बोरवणकर, दोघेही कार्यकारी संचालक. टाटांच्या घरात असा ठराव पडेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मुळात विचारायची वेळ का आली? नफ्यातली कंपनी साहेबांना किती देते, यात कायदा फार लक्ष घालत नाही. एका व्यवस्थापकीय संचालकाला नफ्याच्या 5 टक्क्यांपर्यंत, सगळ्या संचालकांना मिळून 11 टक्क्यांपर्यंत, एवढी चौकट पाळली की झालं. नफा आटला की मात्र टक्केवारीला अर्थ उरत नाही. मग कंपनी कायद्याची पाचवी अनुसूची उघडावी लागते. तिच्यात आता कंपनीच्या भांडवलानुसार वर्षाला 60 लाख, 84 लाख, 120 लाख अशा पायऱ्या आहेत. त्यावर द्यायचं तर भागधारकांचा विशेष ठराव हवा, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं बाजूने हवीत. त्या काळी केंद्र सरकारची परवानगीही लागायची.

आता कुणी म्हणेल, टाटा मोटर्स तेव्हा तोट्यात कुठे होती? प्रश्न रास्त आहे. 2013-14 चा समूहाचा एकत्रित नफा सुमारे 14 हजार कोटी रुपये होता. पण तो बहुतेक जग्वार लँड रोव्हरचा, विलायतेतला. पुणे, जमशेदपूर, साणंदमध्ये गाड्या बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या एकट्या ताळेबंदात जेमतेम 334 कोटी दिसत होते, आणि तेही जग्वारकडून आलेल्या लाभांशाच्या टेकूवर. कायदा मानधन मोजतो ते या एकट्या ताळेबंदावर. व्यवस्थापनाचं म्हणणं होतं, माणसं समूहासाठी राबतात. भागधारकांचं म्हणणं होतं, इथला धंदा बसलाय त्याचं काय? प्रवर्तकांकडे साधारण एक तृतीयांश शेअर होते, त्यामुळे परदेशी आणि देशी गुंतवणूकदार संस्था फिरल्यावर तीन चतुर्थांशाचा आकडा गाठता आला नाही. पुढे कंपनीने खुलासेवार माहिती देऊन 2015च्या सुरुवातीला पुन्हा मतदान घेतलं, तेव्हा मंजुरी मिळाली. नकार फार टिकला नाही, पण कंपनीला कारणं लेखी मांडावी लागली, हे काही थोडं नव्हे.

साहेब आणायचे ते बाहेरूनच, हा त्या दशकातला टाटा मोटर्सचा शिरस्ता. 2010 मध्ये जनरल मोटर्सच्या युरोपातल्या कारभारातून कार्ल-पीटर फॉर्स्टर आले आणि 2011 मध्येच गेले. स्लिम यांच्यानंतर दोन वर्षं खुर्ची रिकामी राहिली. 2016 मध्ये एअरबसहून ग्युंटर बुट्शेक आले. 2016-17 मध्ये त्यांना साडेबावीस कोटींच्या आसपास मिळाले, आणि त्याच वर्षी मूळ कंपनीचा तोटा 2,400 कोटींच्या वर होता. 2021च्या फेब्रुवारीत मार्क लिस्टोसेला यांचं नाव जाहीर झालं आणि मार्चमध्ये ते येणार नाहीत असंही जाहीर झालं! अखेर व्यावसायिक वाहनांची धुरा कार्यकारी संचालक म्हणून गिरीश वाघ यांच्याकडे आली. 'एस', म्हणजे आपल्याकडे गावोगावी 'छोटा हत्ती' म्हणून धावणारी गाडी, ज्या चमूने बनवली त्याचे ते प्रमुख होते. घरचा माणूस नेहमी सरस असा माझा दावा नाही. बुट्शेक यांच्या काळात खर्चाला कात्री लागली आणि नव्या गाड्याही आल्या. पण बाहेरच्या माणसाला जास्त द्यावं लागतं, कारण तो चालू नोकरी सोडून येतो. तो टिकला नाही तर त्या जास्तीच्या पैशांतून हाती काय लागलं, याचा हिशोब मागायला कुणी बसत नाही.

आता आपल्या दाराशी, चंद्रपूर जिल्ह्यात येऊ. बल्लारपूरची पेपर मिल 1945 ची, थापर घराण्याची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू तिला सरकारी कराराने मिळत आला.   2007 मध्ये कंपनीने मलेशियातला साबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज हा कारखाना 26 कोटी डॉलरला घेतला आणि कर्जाचा डोंगर वाढला. गोदावरीपलीकडे तेलंगणात असलेला कमलापूरमचा लगद्याचा कारखाना 2014 पासून बंद पडला आणि तिथल्या कामगारांचे पगार वर्षानुवर्षं थकले. 2020च्या जानेवारीत बल्लारपूर इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 2023 मध्ये ती ताब्यात घेण्याची फिनक्वेस्ट या कंपनीची योजना मंजूर झाली.

इथे एक गंमत आहे, कडू आहे पण आहे. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीच्या नावात बल्लारपूर होतं, बल्लारपूरची गिरणी मात्र तिच्यात नव्हती. बल्लारपूर, आष्टी आणि भिगवणचे कारखाने आधीच 'बिल्ट ग्राफिक पेपर प्रॉडक्ट्स' या उपकंपनीकडे दिलेले होते. टाटा मोटर्सचा समूह नफ्यात आणि मूळ कंपनी ओढगस्तीत, तर इथे नाव एका कंपनीचं आणि यंत्रं दुसरीची. म्हणून पगाराचा वाद कानावर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: पगार कोणत्या कंपनीच्या वहीत लिहिलाय, आणि तोटा कोणत्या?

2018च्या सप्टेंबरपासून जादा मानधनाला लागणारी केंद्राची परवानगी गेली. आता विशेष ठराव पुरतो. बँकेचं कर्ज थकवलेल्या कंपनीला मात्र सभेआधी त्या बँकेची मंजुरी घ्यावी लागते. हा बदल मला पटतो. दिल्लीतल्या कारकुनापेक्षा ज्याचे पैसे अडकलेत त्याला साहेबांचा पगार जास्त टोचतो. पण ज्या कंपनीत निम्मे शेअर प्रवर्तकांकडे आणि उरलेल्यांपैकी बरेचजण मत द्यायला फिरकतच नाहीत, तिथे तीन चतुर्थांश गाठणं अवघड नसतं.

कामगाराला यात मत नाही. त्याच्या पैशाला मात्र आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 2015 पासून भविष्य निर्वाह निधी संघटना आपल्या नव्या ठेवींचा काही भाग निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांत घालते. (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, खाण कामगारांचा निधी वेगळा, त्यांनी हे स्वतःला लावून घेऊ नये.) म्हणजे सिमेंट कारखान्यात पाळी करणाऱ्याच्या पगारातून कापलेले रुपये मोठमोठ्या कंपन्यांचे शेअर होऊन बसतात, आणि त्या शेअरांचं मत मुंबईतला फंड व्यवस्थापक देतो. कोणत्या ठरावावर काय मत दिलं, ते फंडाला जाहीर करावं लागतं. ही यादी कुणीही पाहू शकतो.

वार्षिक अहवालात संचालकांच्या अहवालामागे एक परिशिष्ट असतं, तेही काढून बघा. सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मध्ये कोण येईल, त्याचा पगार धरायचा आणि प्रत्येक संचालकाला त्याच्या किती पट मिळतं ते छापायचं, असा नियम आहे. शेजारच्याच रकान्यात यंदाची वाढ असते. आकडा 100 पट की 300 पट, याने मी फारसा हलत नाही. तोट्याच्या वर्षी मधल्या माणसाची वाढ 2 टक्के आणि साहेबांची 20 टक्के दिसली, की मात्र अहवाल बाजूला ठेवून मतपत्रिका शोधावी.

कामगार साहेबांच्या पुढे उभा राहतो तो कायद्यात एकाच ठिकाणी: दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांचं 24 महिन्यांचं थकलेलं देणं तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतं. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा नंबर त्याखाली, आणि तोही 12 महिन्यांपुरता. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे निधी तर या वाटणीत येतच नाहीत. पण रांगेत उभं राहायला दावा दाखल असावा लागतो. कंपनी मोडीत निघण्याआधी, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असतानाच तो एकट्याने करायचा तर फॉर्म डी, संघटनेने सगळ्यांचा मिळून करायचा तर फॉर्म ई. सोबत कोणते कागद लावायचे आणि पगारपत्रकच हाती नसेल तर काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.