आधी विचारा, पैसे कोण कुणाला देणार?

निकाल लागले की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापासून लातूरच्या ट्यूशन एरियापर्यंत फलक बदलतात. स्पर्धा परीक्षांच्या शेजारी आता ‘फुल स्टॅक’, ‘डेटा सायन्स’, ‘व्हिडिओ एडिटिंग’, ‘न्यूज अँकरिंग’ झळकतं आणि खाली ठळक अक्षरांत ‘शिका आणि कमवा’. मोबाइलवर तर अशा जाहिरातींना खळ नाही. घरात पदवी हातात घेऊन बसलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर कुणीतरी मावशी-काका ती जाहिरात व्हॉट्सॲपवर हमखास धाडतात. सोबत एक ओळ असते, ‘भरून तर बघ.’

प्रशिक्षण या एकाच नावाखाली सध्या तीन वेगळे व्यवहार चालतात. एकात शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळतं. दुसऱ्यात शिकणारा फी भरतो. तिसरा दिसतो पहिल्यासारखा आणि असतो दुसऱ्याहून वाईट. या तिन्हींची गल्लत झाली की गैरसमज सुरू होतात.

‘लाडका भाऊ म्हणजे बेरोजगार भत्ता’

महाराष्ट्र सरकारची ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ जुलै २०२४ मध्ये आली आणि लोकांनी तिचं बारसं ‘लाडका भाऊ’ असं करून टाकलं. ‘लाडकी बहीण’ योजनेत बहिणीला महिन्याला पैसे मिळतात, तसे भावालाही मिळणार, असा समज त्या नावानेच पसरला. प्रत्यक्षात हा भत्ता नाही. १८ ते ३५ वयाच्या उमेदवाराने कार्यालयात किंवा कारखान्यात रुजू व्हायचं, हजेरी लावायची, काम शिकायचं, तेव्हा विद्यावेतन मिळणार. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार. मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची होती, पुढे ती ११ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. शिक्षण चालू असलेल्यांना ही योजना नाही.

मुदत संपल्यावर अनेक प्रशिक्षणार्थी कायम करण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत महिनोन्‌महिने नियमित कर्मचाऱ्याचं काम केलेल्या माणसाला ‘तू शिकत होतास’ असं ऐकवणं कठीणच. पण योजनेच्या कागदात कायम नोकरीचं वचन नव्हतं.

‘अप्रेंटिस लागला म्हणजे नोकरी लागली’

हा गैरसमज बराच जुना, गिरण्या आणि रेल्वे कारखान्यांच्या काळातला. शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा आहे तो १९६१ चा. त्याच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी द्यायलाच हवी, असं बंधनही कायदा मालकावर घालत नाही. करारातच तसं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा करारनामा शेवटच्या पानापर्यंत वाचा.

कायद्याची दुसरी बाजू मात्र मुलांना फारशी कुणी सांगत नाही. तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. आणि हे फक्त फिटर-टर्नरपुरतं नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही दार उघडलं. सॉफ्टवेअर, ग्राफिक्स, ध्वनिमुद्रण, संकलन अशा कामांतही शिकाऊ उमेदवारी शक्य झाली. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान पातळी पदविकाधारकासाठी ८ हजार आणि पदवीधरासाठी ९ हजार ठेवली. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. ही रक्कम किमान आहे. कंपनी जास्त देऊ शकते, कमी नाही. पदवीधर आणि पदविकाधारकांच्या ‘नॅट्स’ योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. ‘तुला शिकवायलाच आमचा खर्च होतो, वर पैसे कुठून देऊ?’ असं म्हणणाऱ्या कंपनीला निदान एवढं तरी विचारता येतं की तुम्ही नॅट्समध्ये नोंदणी केली आहे का?

‘जागा कुठे असतात? वशिला लागतो’

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा २०२४ मधला पहिला टप्पा पाहा. २१ ते २४ वयोगट, वर्षभराची मुदत, महिना ५ हजार रुपये, रुजू होताना एकरकमी ६ हजार, आणि देशातल्या आघाडीच्या कंपन्या. सव्वा लाखाच्या वर जागा जाहीर झाल्या. कंपन्यांनी ८२ हजारांच्या आसपास प्रस्ताव दिले. स्वीकारले सुमारे २८ हजार जणांनी. प्रत्यक्ष रुजू झाले ते ९ हजारांच्या आत.

म्हणजे दहा प्रस्तावांमागे जेमतेम एक जण रुजू झाला. मुलं आळशी आहेत, हा त्यावरचा सोपा आणि चुकीचा निष्कर्ष. घरापासूनचं अंतर, न आवडणारं काम आणि वर्षभराची बांधिलकी ही कारणं पुढे आली. बुलढाण्याच्या मुलीने चाकणला खोली घेतली तर ५ हजारांत कॉट आणि डबा तरी भागेल का, हा हिशेब घरोघरी झालाच असणार. अर्ज करण्याआधीच तो मांडून ठेवला तर जागा अडवून ठेवण्याची वेळ येत नाही.

‘थोडे पैसे तर भरावेच लागतात’

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. टेलिग्रामवर किंवा ईमेलने येणारं तथाकथित ऑफर लेटर एकदा नीट निरखून बघा. वर नामांकित कंपनीचं चिन्ह, किंचित धुरकट. नाव मोठ्या अक्षरांत, हुद्दा भारदस्त. घरून काम, महिना २५ हजार विद्यावेतन. मुलाखत झालेली नसते, किंवा झालीच तर चॅटवर दहा मिनिटांत. मग शेवटच्या परिच्छेदात कळतं की लॅपटॉपसाठी किंवा ‘पडताळणी’साठी ४,९९९ रुपये भरायचे आहेत, पहिल्या पगारासोबत परत मिळतील. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. पैसे पाठवायचा यूपीआय आयडी कुणा व्यक्तीच्या नावाचा. ईमेलचा पत्ता कंपनीचा नसून जीमेलचा.

वर सांगितलेल्या सरकारी योजनांत नोंदणीला पैसे लागत नाहीत. विद्यावेतन देणारी खरी संस्था उमेदवाराकडून आधी अनामत घेत नाही. सायबर कॅफेवाला फॉर्म भरायचे शंभर-दोनशे घेतो ती त्याची मजुरी, योजनेची फी नव्हे. एवढा फरक लक्षात ठेवला तरी बरंच वाचतं.

‘फी घेतली म्हणजे फसवणूकच’

असंही नाही. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम घ्या. २४ आठवडे, ९०० तास, प्रवेशासाठी सी-कॅट परीक्षा. फी ९० हजारांच्या घरात आणि वर १८ टक्के जीएसटी. कॅम्पस मुलाखती होतात, नोकरीची हमी नसते आणि तसं सांगितलंही जातं. एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेचे लघुअभ्यासक्रमही फी घेऊनच चालतात. इथे व्यवहार उघड असतो आणि फी, तास, शिकवायचा मजकूर आधीच छापलेला असतो.

संशय घ्यावा तो ‘१०० टक्के प्लेसमेंट’ या शब्दांचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात नोकरीची किंवा निवडीची हमी देणारे दावे निषिद्ध आहेत. ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या वर्गांना ती लागू होतात. फलक मात्र अजून दिसतातच, त्यामुळे वर्गात गेल्यावर एक प्रश्न विचारायचाच: गेल्या तुकडीत किती जण होते, किती जण कुठे लागले आणि त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? उत्तराला लागणारा वेळही बरंच सांगून जातो.

‘आता काही भरू नका, नोकरी लागल्यावर हप्ते भरा’ हे वाक्य ऐकलं तर जास्तच सावध व्हा. बऱ्याचदा तो संस्थेचा उदारपणा नसून वित्तकंपनीचं कर्ज असतं, तेही वडिलांच्या किंवा आईच्या नावावर. कर्जाची रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाते. उद्या संस्थेने शटर ओढलं तरी हप्ता थांबत नाही, कारण करार कर्जदार आणि वित्तकंपनी यांच्यातला असतो. मोबाइलवरून मिळणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. एकूण व्याजदर आणि खर्च सांगणारं पत्रक आधी द्यावं लागतं, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ओटीपी सांगण्याआधी ते पत्रक मागा.

‘बाँडला कोर्टात काही किंमत नसते’

आयटी कंपन्यांत पगार देऊन प्रशिक्षण मिळतं आणि बदल्यात वर्ष-दोन वर्षं नोकरी न सोडण्याची अट असते, तोच बाँड. ‘सही कर, कोण विचारतंय’ असा सल्ला सिनिअर मुलं बिनधास्त देतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. प्रकरण सरकारी बँकेचं होतं, भरतीचा खर्च आणि पदाची पातळी न्यायालयाने विचारात घेतली. म्हणून प्रत्येक खासगी कंपनीचा वाटेल तो आकडा ग्राह्य धरला जाईल असं नाही. पण बाँड म्हणजे नुसता कागद, हे मात्र डोक्यातून काढून टाका. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्याला तर थेट नकार द्यावा. झेरॉक्स द्या, मूळ प्रत दाखवा आणि परत घ्या.

‘मीडियात चेहरा आणि ओळख लागते’

ओळखीने फोन उचलला जातो, हे खरं. पुढे कॉपी टेस्ट असते. वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी समोर ठेवतात आणि अर्ध्या तासात मराठी बातमी मागतात, मथळ्यासह. तिथे ‘मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन करण्यात आले’ या वाक्याने सुरुवात करणारे ढिगाने असतात. पुलामुळे कुठल्या गावाचा वळसा किती किलोमीटरने वाचला ते पहिल्या ओळीत आणणारा उठून दिसतो. संकलकाकडून दीड-दोन मिनिटांची शोरील, म्हणजे निवडक कामाची चित्रफीत मागतात. लग्नाच्या व्हिडिओतले उत्तम कट चालतात, फक्त ते स्वतः केलेले असावेत, कारण ‘हा कट इथेच का?’ असा प्रश्न येतोच. तंत्रज्ञानातही तेच. प्रमाणपत्रांची माळ लावण्यापेक्षा एक चालू प्रकल्प दाखवा, गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब ठेवणारं साधं ॲप असलं तरी चालेल.

‘आधार लिंक आहे, पैसे येतीलच’

विद्यावेतन अडकतं ते बहुतेकदा इथे. बँकेत केवायसीला आधार दिलं म्हणजे थेट लाभ त्या खात्यात येतो असं नाही. त्यासाठी खातं एनपीसीआय या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यादीत आधारशी जोडलेलं म्हणजे ‘सीडेड’ लागतं. दोन-तीन खाती असतील तर शेवटी सीड केलेल्या खात्यात पैसे जातात. कॉलेजला असताना उघडलेलं आणि नंतर विसरलेलं खातं बरेचदा तेच निघतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत कळते. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का तेही बघा. अधिवास प्रमाणपत्र जाहिरात आल्यावर काढायला गेलं की सेतू केंद्रावर रांग असते, ते आधीच काढून ठेवा.

‘मिळेल ते आधी पकडू, चांगलं नंतर बघू’

विद्यावेतनाच्या या योजना एकमेकींना बाद करतात. नॅट्समध्ये एकदाच संधी मिळते, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव असलेल्यालाही ती मिळत नाही. पंतप्रधान इंटर्नशिपच्या पहिल्या टप्प्यात नॅट्स किंवा तत्सम योजनेत प्रशिक्षण घेतलेले अपात्र होते, पदव्युत्तर पदवी घेतलेलेही अपात्र. एम.कॉम.चा निकाल हातात पडला आणि एक दार बंद झालं, असंही होतं. म्हणून अर्ज भरण्याआधी पात्रतेच्या यादीपेक्षा अपात्रतेची यादी वाचावी. ती सहसा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असते.

आणि पैसे गेलेच, तर ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० वर ताबडतोब फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच ते परत मिळण्याची आशा असते. संस्थेने शब्द पाळला नाही किंवा फी परत देत नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीतही तक्रार घेतात, आणि पावती, करार, जाहिरातीचा स्क्रीनशॉट हाताशी असावा लागतो.