केशरोपणानंतरची लाली

गिरगावात गुपित राखणे सोपे नाही. चाळीच्या गॅलरीत उन्हे येतात तशा चौकशाही येतात. एखादा तरुण चार दिवस टोपी घालून जिना चढू-उतरू लागला, की पाचव्या दिवशी शेजारच्या काकू विचारणारच, ‘काय रे, डोक्याला लागलं की काय?’ चाळ पडून तिथे मनोरा उभा राहिला तरी हा प्रश्न लिफ्टमध्ये गाठतोच. केसांचे रोपण करून आलेल्या माणसाला शस्त्रक्रियेच्या दुखण्यापेक्षा हा प्रश्न जास्त टोचतो. दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. कपाळाच्या वर पसरलेली लाली मात्र पंधरवडा उलटला तरी दिसतच राहते. मग रोज आरशासमोर उभे राहायचे आणि मनाशी म्हणायचे, ‘हे असंच राहणार तर नाही ना?’

या शंकेचे उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेकांच्या बाबतीत ही लाली म्हणजे जखम भरत असल्याची खूण असते, आणि ती आपली आपण जाते. तिला घाईने घालवू पाहणारे किंवा घट्ट झाकून ठेवणारेच पुष्कळदा नुकसान ओढवून घेतात. पण लालीचे काही प्रकार असेही आहेत, की तिथे वाट पाहत बसणे बरे नाही. हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखावेत, ते आपण पाहू.

त्यासाठी केशरोपणात होते काय, हे थोडे समजून घ्यायला हवे. पुरुषाला टक्कल पडते ते बहुधा कपाळाकडून आणि डोक्याच्या माथ्यावर. मागच्या बाजूचे केस सहसा टिकून राहतात. हे मागचे केस मुळासकट काढून पुढे लावले, तर नव्या जागीही ते आपला मूळचा गुण सोडत नाहीत. जपानमध्ये डॉ. शोजी ओकुदा यांनी केसांसह कातडीचे बारीक गोल तुकडे काढून लावण्याची पद्धत १९३९ साली प्रसिद्ध केली होती. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्रायख यांनी १९५२ साली टकलावर असे रोपण केले आणि मागच्या केसांचा हा टिकाऊपणा १९५९ साली शास्त्रीय निबंधात मांडला. त्या काळी लावलेले केस बाहुलीच्या केसांसारखे झुपक्या-झुपक्यांनी दिसत. आता एक ते चार केसांचे एकेक मूळ सुटे काढतात आणि सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान छेद घेऊन त्यात बसवतात. डॉक्टर याला ‘ग्राफ्ट’ म्हणतात. एका बैठकीत असे दोन-दोन, तीन-तीन हजार ग्राफ्ट बसवले जातात.

ज्यांनी कोकणात भाताची लावणी पाहिली असेल त्यांना हे पटकन उमजेल. तरवा एका जागी वाढवायचा, उपटायचा आणि चिखल केलेल्या वाफ्यात एकेक करून रोवायचा. रोवल्यावर रोपे काही दिवस मरगळतात, पिवळी पडतात, आणि मूळ धरले की सावरतात. केसांचेही तसेच आहे. लावलेले केस दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बहुतेक गळून पडतात. माणूस घाबरतो, पैसे फुकट गेले म्हणतो. पण मूळ आत शाबूत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस डोकावू लागतात, आणि पुरता निकाल दिसायला वर्षभर लागते. म्हणजे केस गळलेले आणि लाली गेलेली नाही, असा एक मधला काळ येतोच. सर्वांत जास्त धीर सुटतो तो याच काळात.

आता लालीकडे वळू. गुडघा खरचटला तर कडेने लाल होतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. जखम झाली की त्या जागेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात आणि दुरुस्तीचे सारे साहित्य रक्तातून तिथे पोचते. मग नव्या बारीक वाहिन्या फुटतात. काम संपले की या जादा वाहिन्या हळूहळू मिटून जातात. केशरोपणात अशा दोन-तीन हजार जखमा तळहाताएवढ्या जागेत शेजारी शेजारी असतात. एकेक जखम टाचणीच्या डोक्याएवढी असली तरी त्यांची लाली एकमेकींत मिसळून एकच पट्टा दिसतो. ग्राफ्ट जितके दाट लावलेले असतील तितकी लाली अधिक आणि तिचा मुक्कामही अधिक.

किती दिवस? खपल्या साधारण सात ते दहा दिवसांत पडतात. बहुतेकांची लाली दोन ते चार आठवड्यांत फिकी होते. गोऱ्या किंवा नाजूक कातडीच्या माणसाची ती तीन-चार महिने, क्वचित त्याहूनही जास्त रेंगाळते. ज्यांचा चेहरा उन्हाने, तिखटाने चटकन लाल होतो, त्यांनी हा लांबचा हिशेबच मनात धरावा.

आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या कातडीत आणखी एक गोष्ट घडते. लाली ओसरते, पण तिच्या जागी तपकिरी झाक राहते. जखमेच्या दाहाने कातडी रंगद्रव्य जास्त तयार करते, म्हणून असे होते. हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. खपल्या पडून जखमा भरल्यावर स्वच्छ बोटाने ती जागा हलकेच दाबा आणि बोट उचला. क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर ते वाहिन्यांतले रक्त आहे. दाबूनही रंग हटला नाही, तर तो बहुधा कातडीत साठलेला रंग आहे. तो जायला आणखी काही महिने लागतात, आणि उन्हाने तो गडद होतो.

लाली लांबवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपल्याच हातात असतात. पहिली गोष्ट म्हणजे ऊन. रोपणानंतरचे काही आठवडे दुपारचे ऊन डोक्यावर घेऊ नये. पहिल्या दिवसांत डोक्याला टोपीचा स्पर्शही नको असतो. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सैल सुती टोपी घालावी किंवा सरळ छत्री उघडावी. छत्री काही फक्त पावसाळ्यासाठी नसते. दुसरी गोष्ट घाम. मुंबईच्या दमट हवेत, त्यात चर्नी रोडवरून गर्दीची लोकल पकडायची, म्हणजे घाम आलाच. व्यायामशाळा, चौपाटीवरचा व्यायाम आणि पोहणे हे डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवावे. तिसरी गोष्ट खाज. जखम भरताना खाज सुटतेच. नखाने खाजवले तर नवी जखम होते आणि तिची लाली पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ग्राफ्ट नऊ-दहा दिवसांत घट्ट धरतात. त्याआधी ओरबाडले तर ते निघूनही येतात.

धुण्याच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका होतात. कुणी भीतीपोटी डोके धूतच नाही. मग खपल्या साचून राहतात, त्यांच्याखाली लाली टिकते आणि जंतूंना आसरा मिळतो. कुणी नळाच्या जोरदार धारेखाली डोके धरतो. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सौम्य शांपूचा फेस हलक्या हाताने पसरावा, तांब्याने कोमट पाणी सोडावे आणि टॉवेलने न चोळता टिपून घ्यावे, हे उत्तम.

घरच्या उपायांचे काय? आजी म्हणते हळद लाव, मावशी म्हणते कांद्याचा रस, मित्र म्हणतो लिंबू. प्रेमाने सांगतात, यात शंका नाही. पण ताज्या जखमेवर कांदा आणि लिंबू म्हणजे निव्वळ आग. तेल थापून चंपी करून घेणेही काही आठवडे विसरावे. केसांचा काळा कलप तर डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच लावू नये. अनेक कलपांत पीपीडी नावाचे रसायन असते. कित्येकांना त्याची ऍलर्जी असते, आणि मग लालीबरोबर पुरळ नि सूजही येते. केस वाढवण्याचे मिनॉक्सिडिल हे औषधही काहींच्या कातडीला झोंबते. त्याच्या द्रावणात प्रॉपिलीन ग्लायकॉल असते, त्याचा हा प्रताप असू शकतो. अशा वेळी डॉक्टर औषध काही दिवस थांबवतात किंवा फेसाच्या स्वरूपातले देतात. तंबाखू आणि सिगारेट रक्तवाहिन्या आकसवतात. भरणाऱ्या जखमेला त्या वेळी रक्ताचीच गरज असते, हे ध्यानात ठेवावे.

यापेक्षा मोठा धोका औषधाच्या दुकानात असतो. ‘लाल झालंय, काहीतरी मलम द्या’ असे म्हटले की पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असलेली ट्यूब हातात पडते. दोन दिवसांत लाली पळते, माणूस खूश होतो. ट्यूब बंद केली की लाली पुन्हा येते, दुपटीने येते. मग पुन्हा ट्यूब. असे आठवडेच्या आठवडे चालले की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या कायमच्या उठून दिसू लागतात आणि पुटकुळ्या येतात. म्हणजे दोन महिन्यांत आपसूक जाणारी लाली आपण पैसे देऊन मुक्कामाला ठेवली. केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकण्यास मनाई आहे. डॉक्टरही काही वेळा सौम्य स्टेरॉइड देतात, नाही असे नाही. पण कोणते, किती आणि किती दिवस, हे ते ठरवतात. खरा फरक तिथेच आहे.

आता वाट न पाहण्याच्या लालीविषयी. पहिला आठवडा गेल्यावर लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरू लागली, जागा गरम लागली, ठणका वाढला, पू आला, दुर्गंधी आली किंवा ताप भरला, तर तो जंतुसंसर्ग समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एखादा भाग लालीतून जांभळा-काळा पडू लागला, तर तिथला रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. तिथे एक दिवसही दवडू नये. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळावर आणि पापण्यांवर उतरणारी सूज मात्र बहुधा साधी असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस बाहेर येताना थोड्या पुटकुळ्या येतात, त्याही साध्याच. खूप आल्या तर दाखवाव्यात. पण चार महिन्यांनंतरही केसांच्या बुंध्याशी लाल कडी दिसत असेल, कोंड्यासारखे पापुद्रे सुटत असतील आणि उगवलेले केस पुन्हा गळत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. केसांची मुळे कायमची जाळून टाकणारे काही आजार अशा रूपाने सुरू होतात. कातडीचा इवलासा तुकडा तपासून निदान करता येते, आणि लवकर कळले तर उरलेले केस वाचवता येतात.

सर्वांत तातडीची खूण कातडीच्या लालीपलीकडची आहे. अंगभर पुरळ उठणे, चेहरा किंवा घसा सुजणे, श्वास लागणे ही तीव्र ऍलर्जीची लक्षणे असतात. तेव्हा थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा. मार्च २०१९ मध्ये चिंचपोकळीच्या एका दवाखान्यात एका गृहस्थांवर एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्टचे रोपण झाल्याचे वृत्तपत्रांनी छापले होते. त्यानंतर सूज आणि श्वासाचा त्रास होऊन दोन-तीन दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. गिरगावाहून चिंचपोकळी ती किती दूर? पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे आहे आणि चित्रफिती पाहून ते शिकता येत नाही, असे त्यांत बजावले आहे. तेव्हा रोपणाआधी चार प्रश्न बिनदिक्कत विचारा: छेद कोण घेणार? त्यांची पदवी कोणती? एका बैठकीत किती ग्राफ्ट? आणि रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?

लाली काही महिन्यांनंतरही हटली नाही, तरी उपाय आहेत. फुगलेल्या वाहिन्यांवर नेमका परिणाम करणारा लेसर असतो. रंगाच्या डागांसाठी वेगळी औषधे असतात. जे. जे., नायर, के. ई. एम. या आपल्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. महागड्या दवाखान्यात जायची लाज किंवा ऐपत नसेल, तर तिथे जावे. रोपण दुसरीकडे केले म्हणून कुणी दारातून परत पाठवत नाही.

तारीख ठरवतानाही थोडा विचार करावा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून उन्हात चालायचे असेल, होळीचा रंग खेळायचा असेल, गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल उधळायचा असेल किंवा तुळशीच्या लग्नानंतर स्वतःचेच लग्न असेल, तर त्याच्या निदान चार महिने आधी रोपण झालेले बरे. लग्नाच्या पंधरा दिवस आधी घाईने केलेले रोपण फोटोत लालच दिसणार.

राहता राहिला लोकांचा प्रश्न. घट्ट टोपीखाली घामाने डोके उबवण्यापेक्षा एकदा सांगून टाकावे, ‘केस लावून घेतलेत, बरं होतंय.’ दोन दिवस थट्टा होईल, तिसऱ्या दिवशी गॅलरीला दुसरा विषय मिळेल. आरशाचाही फेरा कमी करावा. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. त्याऐवजी दर रविवारी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी एक फोटो काढावा आणि चार आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवून पाहावे. लाली दर रविवारी थोडी थोडी फिकी होत असेल, तर निश्चिंत असावे. तिथल्या तिथे राहिली असेल, तर डॉक्टरांची वेळ घ्यावी. आणि वाढत असेल, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नये.