दोन भाषांचा धनी

मातृभाषा एक आणि लौकिक देणारी भाषा दुसरी, अशा कवीपुढे दोनच वाटा असतात, असा सर्वसाधारण समज आहे. त्याने घरची भाषा सोडून मोठ्या भाषेच्या दरबारात मानाचे पान मिळवावे, अथवा त्या दरबाराकडे पाठ फिरवून आपल्या माणसांत राहावे. बलुचिस्तानचे कवी अता शाद (१९३९–१९९७) यांनी हा समज खोटा ठरविला.

शाद यांचा जन्म मकरानातील तुर्बतच्या परिसरातला. मकरान म्हणजे आमच्याच अरबी समुद्राचा उत्तरेकडील किनारा. खजुरीच्या बागा, कोरडी नदीपात्रे आणि उघडेबोडके डोंगर यांचा हा मुलूख. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांशी झुंजलेल्या हम्मल जिहंदाचे पोवाडे तेथे पिढ्यान् पिढ्या गाइले गेले. बलुची काव्य असे गायकांच्या कंठातच नांदत आले. छापील ग्रंथाचा मान त्यास फार उशिरा लाभला. गुल खान नसीर (१९१४–१९८३) यांनी आरंभी उर्दूत लिहून पुढे बलुचीची कास धरली. त्यांचा ‘गुलबांग’ हा बलुची काव्यसंग्रह १९५१ साली निघाला. त्यांच्या मागून आलेल्या शाद यांनी मात्र दोन्ही भाषा सारख्याच निष्ठेने सांभाळल्या.

सांभाळल्या म्हणजे एकीतले दुसरीत उतरविले, असे नव्हे. उर्दू गझलेपाशी बाग, बुलबुल आणि मद्यशाळा यांचा पिढीजात संसार होता. शाद यांनी त्यात मकरानचा खडक आणि तहान आणून बसविली. त्यांच्या उर्दू संग्रहांची नावेच पाहावीत. ‘संगाब’मध्ये दगड आणि पाणी एकत्र आले आहेत, ‘बर्फाग’मध्ये बर्फाशेजारी आग ऐकू येते. इकडे बलुचीत त्यांनी मुक्तछंद रुजविला. तथापि लोकगीतांशी नाळ तोडली नाही. ऐन सलाम यांच्यासह त्यांनी ती गीते उर्दू अनुवादासह संकलित केली.

अशा देवघेवीने भाषा बाटते, ही ओरड सर्वत्र होत असते. आम्हांस ती निराधार वाटते. शाद यांच्या उर्दूला जी निराळी धार आली, ती बलुचीच्या दगडावर घासल्यामुळेच. मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांतून गाइलेल्या बाकीबाब बोरकरांच्या वाचकांस हे पटवून देण्याची गरज नाही. कवी दोन भाषांत लिहितो म्हणून त्याची निष्ठा दुभंगत नाही. ती दुभंगते, ती एकीची लाज वाटून तो दुसरीचा आश्रय घेतो तेव्हाच.