बाळंतपणातला रक्तस्राव : अंदाज नको, माप हवं

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असतं. वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांची तोंडं आधी गर्भाशयाचे आवळणारे स्नायू बंद करतात. गुठळी होण्याचं काम नंतरचं. स्नायू सैलच राहिले, तर धडधाकट बाई तासा-दोन तासांत दगावू शकते. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ, रक्तकेंद्र, शस्त्रक्रियागृह सगळं एका छपराखाली असतं. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा एक डॉक्टर, एक-दोन सिस्टर आणि १०८ ची गाडी, एवढाच सरंजाम.

अशा ठिकाणी सगळ्यात आधी काय हवं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हिरमोड करणारं आहे : मापाच्या खुणा छापलेली प्लॅस्टिकची पिशवी.

कारण रक्त चादरीत मुरतं, कापसात जातं, पाण्यात मिसळतं. अनुभवी नजरही ते कमीच धरते. त्यात तरुण शरीर फसवतं. नाडी आधी धावू लागते, पण रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. तो कोसळतो तेव्हा वेळ हातची गेलेली असते. दोन दशकांपूर्वी बेळगाव जिल्ह्यातल्या ग्रामीण प्रसूतींच्या अभ्यासात अशी पिशवी वापरली गेली. बाळंतिणीच्या खाली पसरायची आणि टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती होणारी. तिच्याशी ताडून पाहिलं, तेव्हा डोळ्यांचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला.

आपल्या शेजारच्या या कल्पनेचा खरा कस आफ्रिकेत लागला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांपैकी निम्म्यांत मापाची पिशवी आणि उपचारांचा एकत्रित संच देण्यात आला, उरलेल्यांत नेहमीचेच उपचार चालू राहिले. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. लिटरभर वा त्याहून जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून नेहमीच्या उपचारांत ४.३ टक्के, तर संच मिळालेल्या रुग्णालयांत १.६ टक्के भरलं. रक्तस्राव ओळखला जाण्याचं प्रमाण तिकडे ५१, तर इकडे ९३ टक्के होतं.

‘एकत्रित’ला इथे महत्त्व आहे. जुनी रीत अशी की एक उपाय करायचा, वाट पाहायची, मग दुसरा. आता गर्भाशय चोळणं, ते आवळणारं ऑक्सिटोसिन, गुठळी टिकवणारं ट्रानेक्सामिक आम्ल, सलाईन आणि कुठे फाटलंय का याची तपासणी, सगळं एकदमच सुरू करायचं. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये असावं लागतं, हे वीज जाणाऱ्या गावांनी विसरू नये. ट्रानेक्सामिक आम्ल जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये जगापुढे आणलं. उताकोबाईंना ते बाळंतिणींवरच तपासायचं होतं. तिथले डॉक्टर तयार झाले नाहीत. वीस हजार स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये लागला, बाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. हे औषध तीन तासांच्या आतच उपयोगाचं, आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. म्हणून ‘पुढे पाठवतो, तिथेच देतील’ हे चालणार नाही.

तरीही रक्त थांबत नसेल, तर ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांची युक्ती आहे : कॅथेटरला कंडोम बांधून गर्भाशयात सरकवायचा आणि सलाईनने फुगवून आतून दाब द्यायचा. तेवढ्यावर रुग्ण मोठ्या रुग्णालयापर्यंत तग धरू शकते.

रक्ताचा प्रश्न मात्र अवघड. नातेवाइकाचं रक्त काढून तिथल्या तिथे चढवायला आपल्या कायद्यात जागा नाही. ते परवानाधारक केंद्रातून किंवा मान्य साठवणकेंद्रातूनच यायला हवं. संसर्गाची भीती खरी आहे, नियम रास्तच आहे. पण मग साठवणकेंद्राचा फ्रिज प्रत्येक तालुक्यात चालू असणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

निदान निघण्यापूर्वी फोन तरी नेमका व्हावा : किती मिली गेलं, नाडी किती, रक्तगट कोणता. आणि एक तपासणी, जिला यंत्र लागत नाही. साध्या काचेच्या नळीत ५ मिली रक्त घेऊन ठेवा. सात मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही, तर गोठण्याची यंत्रणाच ढासळली आहे, असं धरून चालायचं. मग नुसत्या लाल पेशी पुरत नाहीत, प्लाझ्माही लागतो. तो गोठवलेला असतो आणि वितळायला सुमारे अर्धा तास घेतो. गाडी वाटेत असतानाच तो वितळायला ठेवता येतो.