आधी कागदावर, मग पडद्यावर

चित्रपटाचा एक सेकंद म्हणजे २४ चौकटी. ॲनिमेशनपटात त्या कलावंतांना घडवाव्या लागतात. म्हणून तयार झालेला प्रसंग नंतर कापणे परवडत नाही. काटछाट आधीच, कागदावर केली जाते. प्रसंगांच्या या चित्रमय आराखड्यास ‘स्टोरीबोर्ड’ म्हणतात.

१९३०च्या दशकाच्या प्रारंभी डिस्ने स्टुडिओत रेखाचित्रे फळ्यावर टाचून कथा मांडण्याची पद्धत रूढ झाली. सर्वांनी पाहावे, चर्चा करावी, न रुचलेले चित्र काढून क्रम बदलावा, अशी ही सामूहिक रीत. जपानचे हायाओ मियाझाकी मात्र स्टोरीबोर्ड स्वहस्ते रेखाटतात. तो पूर्ण होण्यापूर्वीच निर्मितीस आरंभ होतो आणि कथेचा शेवट कामाच्या ओघात गवसतो.

बंगळुरूने तिसरी रीत अनुभवली. ‘पुस इन बूट्स’ (२०११) या चित्रपटात ड्रीमवर्क्ससाठी येथे काम करणाऱ्या कलावंतांचा मोठा सहभाग होता. कथेची आखणी मात्र कॅलिफोर्नियात झाली होती. याउलट मुंबईच्या गीतांजली राव यांनी ‘बॉम्बे रोज’चे (२०१९) लेखन व दिग्दर्शन स्वतः केले. त्यातील मुंबई त्यांच्या दृष्टीतून उमटली आणि व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला.

कर्जमंजुरीपूर्वी प्रकल्प अहवालाचे जे महत्त्व, तेच येथे स्टोरीबोर्डचे. चूक तेथेच उमगली, तर हानी केवळ एका कागदाची! परंतु आराखडा ज्याचा, कथाही त्याचीच. बंगळुरूच्या कुशल हातांना चित्रे हलविण्याबरोबरच आपली गोष्ट मांडण्याचीही संधी लाभावी.