हायब्रीडचं बी वांझ नसतं

खरीप तोंडावर आला की कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर हे हमखास ऐकू येतं: "हायब्रीडचं बी घरी धरू नका, उगवत नाही. कंपन्यांनी त्यात वांझपणाचं जनुक घातलंय." सल्ला बरोबर, कारण साफ चूक. गंमत म्हणजे पदवी घेतलेली माणसंही हे तितक्याच ठामपणे सांगतात.

अहो, संकरित ज्वारी वांझ असती तर कणसात दाणा कुठून भरला असता? भाकरीचा दाणा म्हणजे बीच की! तो पेरला तर उगवतो, कणीसही धरतो.

ज्या 'टर्मिनेटर' जनुकाची धास्ती आहे, त्याचं पेटंट 1998 मध्ये डेल्टा अँड पाइन लँड ही कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांना मिळालं. तसं बियाणं बाजारात कधीच आलं नाही. आपल्या 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यात तर असल्या तंत्राच्या वाणाची नोंदणीच होत नाही.

वांझपणा असतो, पण तो हायब्रीडच्या आईत, आणि तोही फक्त नराच्या बाजूचा. ज्वारीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही. संकर करायचा तर मादी ओळीतल्या फुलांचे परागकोश काढायला हवेत, आणि एका कणसात अशी फुलं हजारोंनी. कपाशीचं फूल मोठं, तिथे हाताने खुडून भागतं. सुरतेचा 1970 चा एच-4 हा हायब्रीड तसाच झाला. ज्वारीला वेगळी वाट 1954 मध्ये टेक्सासात स्टीफन्स आणि हॉलंड यांना सापडली. मायलो ज्वारीच्या पेशीद्रवात काफिर ज्वारीचं केंद्रक आणलं की झाड पराग देईना. त्याच वाटेने 1964 साली आपल्याकडे सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली.

जालन्याकडच्या बीजोत्पादन प्लॉटमध्ये फुलोऱ्याच्या वेळी उभे राहा. नर ओळीच्या कणसाला टिचकी मारली की पिवळा धुरळा उडतो. मादी ओळीचे परागकोश फिकट, चिंबलेले. चुरडले तरी बोटाला काही लागत नाही. दोष बहुधा तंतुकणिकेतल्या जनुकाचा असतो. बऱ्याच पिकांत अर्धगुणसूत्री विभाजन नीट पार पडतं, पण परागकोशाचा आतला पोषक थर अवेळी ढासळतो आणि कोवळे परागकण उपाशी मरतात. तंतुकणिका आईकडूनच येतात, म्हणून दोष पुढच्या पिढीतही उतरतो. त्यावर उतारा म्हणून बाप ओळीच्या केंद्रकात पुनःस्थापक जनुक असतं. त्याच्या जोरावर शेतकऱ्याच्या रानात पराग पुन्हा तयार होतो.

मग घरचं बी का नको? कारण हायब्रीडचे परागकण आणि बीजांडं तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजनात आजी-आजोबांची गुणसूत्रं पिसली जातात. पुढच्या पिढीत एक ताट उंच, एक बुटकं, एक आठवडाभर आधी निसवलेलं. पुनःस्थापक जनुक एकच असेल, तर साधारण चारातलं एक ताट पराग न देणारं निघतं. यात कंपनीचा डाव शोधायचा तर मेंडेललाही आरोपी करावं लागेल. सरळ वाणाचं बी मात्र खुशाल धरा.

हायब्रीड स्वतः पराग देतं, याला कांदा अपवाद आहे. तिथे बी नव्हे, गड्डा विकायचा असल्याने पुनःस्थापक जनुकाची गरज नसते. अशा हायब्रीडचे गोंडे स्वतः पराग देत नाहीत. हा नरवंध्यपणाही प्रयोगशाळेतला नाही. 1925 मध्ये कॅलिफोर्नियात हेन्री जोन्स यांना 'इटालियन रेड' कांद्याचं एक झाड भेटलं. त्याला बी धरेना, पण गोंड्यात बियांऐवजी इवल्या कांद्या लागत, म्हणून ते टिकलं.

बाकीचे गैरसमज भराभर. बिनबियांचं कलिंगड इंजेक्शनचं नव्हे: 22 आणि 44 गुणसूत्रांच्या झाडांपासून 33 ची संतती होते, विषम जोड्यांमुळे विभाजन फसतं; जपानच्या किहारांनी हे दाखवून सत्तरेक वर्षं झाली. नाशिकच्या थॉमसन द्राक्षाचा पराग ठणठणीत असतो. फलन होतं, बी पुढे वाढत नाही. नरवंध्य ओळीपासून आलेली भाकरी खाऊन पुरुष नपुंसक होत नाहीत. यावर पुरावा मागायलाही संकोच वाटतो.

वैज्ञानिकांचा खटाटोप तर उलट्या दिशेने चाललाय. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुंदरेसन यांच्या गटाने भातातली तीन जनुकं बंद करून अर्धगुणसूत्री विभाजनच टाळलं आणि फलनाविना गर्भ धरायला लावला. 2022 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांसह हेच तंत्र संकरित भातात आणलं, तेव्हा 95 टक्क्यांहून अधिक बियांतून आईची हुबेहूब नक्कल उगवली. म्हणजे घरी धरता येईल असं हायब्रीड.