बोलायला सबब हवी

पुण्यात कुणाच्या दारात उभं राहून ‘मन मोकळं करायचंय, जरा बसू या का?’ असं कुणी म्हणत नाही. विरजण संपलेलं असतं, कढीपत्ता हवा असतो, कुकरची शिट्टी बिघडलेली असते, निदान शेजारच्यांचं कुरिअर आपल्याकडे येऊन पडलेलं असतं. ते देता-घेता उंबऱ्यातच पाऊण तास जातो आणि तेवढ्यात सासूबाईंचा गुडघा, लेकाचे राहिलेले दोन विषय, जास्वंदीवर पडलेला मावा असं सगळं बोलून होतं. घरातलं सुखदुःख बाहेर काढायचं तर हाताला काम किंवा तोंडाला सबब हवी, ही या शहराची जुनी रीत. पाट्यांवरून आणि विनोदांवरून पुणेकरांना लोक तुसडे ठरवतात. पण बोलण्यासाठी इतक्या सबबी शोधून काढणारी माणसं तुसडी कशी म्हणायची?

ब्रह्मकमळाचंच बघा. पावसाळ्यात एखाद्या घरातली कळी खाली झुकलेली मान वर उचलू लागते आणि त्या घरात धावपळ सुरू होते. ‘आज रात्री उमलणार’ असा निरोप मजल्यामजल्यावर जातो. नऊ-साडेनऊला बाल्कनीत खुर्च्या लागतात, कॉफी होते, मुलं पेंगत थांबतात. पाकळ्या सुटायला लागतात तसा वास पसरतो आणि मध्यरात्रीपर्यंत फूल पूर्ण उघडतं. सकाळी ते मलूल होऊन लोंबत असतं. हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाशी या झाडाचा काडीचा संबंध नाही. हे मध्य अमेरिका-मेक्सिकोकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड, पानासारख्या दिसणाऱ्या चपट्या खोडाच्या कडेला फुलणारं. पण त्या अडीच-तीन तासांत फुलाबद्दल फार तर दहा मिनिटं बोलणं होतं. बाकीचा वेळ कुणाची नोकरी गेली, कुणाचं जमतंय, कुणाच्या वडिलांना आता रात्री एकटं सोडता येत नाही, यातच जातो. फूल उमलायला वेळ घेतं हे त्या दृष्टीने बरंच आहे.

सबब काढून बोलायच्या या रीतीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नीट जपलेला पुरावा पुण्याच्याच एका संस्थेकडे आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आपल्या ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेतर्फे १९८०च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत संघटनेचं काम करताना तिथल्या बायकांकडे हे धन आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे हे काम हजाराहून अधिक गावांत पोचलं. तीन हजारांवर बायकांनी सांगितलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. प्वातवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. हा संग्रह आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात ध्वनिमुद्रणांसह पाहायला-ऐकायला मिळतो.

लाखभर ओव्या म्हणजे लाखभर वेळा काढलेला विषय. पहाटे उजाडण्याआधी दोघी जात्याशी समोरासमोर बसायच्या. एका खुंट्यावर दोघींचे हात. एक मूठ पाळूच्या तोंडात सोडायची, दुसरी फिरवण्याची लय सांभाळायची. एकीने ओवी घातली की दुसरी तिला जोड द्यायची. माहेरची आठवण, भावाने न केलेली चौकशी, नवऱ्याचा हात, लेकाचं कौतुक, न पडलेला पाऊस, सासरच्यांनी मोजून दिलेली भाकरी, सगळं त्यात यायचं. एरवी ज्या घरात आवाज चढवायची सोय नव्हती, त्याच घरात रोज पहाटे सासरच्या तक्रारी मोठ्याने गायल्या जात होत्या आणि त्याला कुणी हरकत घेत नव्हतं. कारण दळण चाललं होतं! घरघर कान झाकत होती, परंपरा तोंड झाकत होती. शिवाय ओवी कुणा एकीची नसते. ‘मी माझंच सांगत नाही, आईकडून आलेलं गातेय’ ही पळवाट कायम उघडी.

मग विजेच्या गिरण्या आल्या. बायकांच्या खांद्यांचे कष्ट वाचले आणि त्यासाठी हळहळणं हा शहरी चोचला आहे. तरी एवढं खरं, की दळण गिरणीत गेलं आणि समोरासमोर बसायची ती वेळ गेली. गिरणीच्या रांगेत डबे असतात, खुंटा नसतो.

शहरात गाऱ्हाणं गाण्याची हीच सोय भोंडल्याने वर्षातून काही दिवस केली. हस्त नक्षत्राच्या सुमारास पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि सासू, नणंद, जाऊ, वेडा नवरा यांची यथेच्छ टिंगल करायची. शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. गाणाऱ्या मुलींची अजून लग्नंही झालेली नसत. म्हणजे पुढे लागणारं गाऱ्हाणं आधीच पाठ करून घेतलेलं. सबबी आणखीही होत्या: चैत्रातल्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं, श्रावणात मंगळागौरीचं जागरण, महिन्याची भिशी. भिशीत पैशाचा हिशेब पाच मिनिटांत होतो. मग साबुदाणेवडे येतात आणि खरी सभा सुरू होते.

वाड्यांबद्दल मात्र जरा हात राखून बोललेलं बरं. जुन्या पेठांतल्या आठवणी लिहिणारे चौकातल्या नळाशी पोचले की हळवे होतात. नळ एक, बिऱ्हाडं दहा-बारा, भिंती पातळ. तिथे कुणी कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांना सगळं ऐकूच येत होतं. मैत्रिणीला विश्वासात घेऊन सांगणं आणि शेजारणीला आपोआप कळणं यांतला फरक, पहाटे रांगेत कळशी घेऊन उभ्या असलेल्या सुनेला चांगलाच ठाऊक होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे वाहून गेले किंवा राहण्याजोगे उरले नाहीत. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यानंतरच्या दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी ओनरशिपचे फ्लॅट आले. दाराला लॅच आलं, पाणी स्वयंपाकघरात आलं आणि गाऱ्हाणं घरात कोंडलं गेलं.

त्याला वाट होती ती कागदावर, आणि ती आधीच तयार झालेली होती. किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केलं आणि घरातले प्रश्न छापील पानावर मांडायची सवय मराठी बायकांना लागली. पुढे पुण्यातून निघणाऱ्या या मासिकात विद्या बाळ घडल्या, त्याच्या संपादक झाल्या आणि १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. दुसरीकडे १९३२ साली नानासाहेब परुळेकरांनी सुरू केलेल्या ‘सकाळ’ने साध्या वाचकाला लिहितं केलं. त्याच्या पुणे आवृत्तीतलं ‘मुक्तपीठ’ हे मन मोकळं करण्याचं खास पुणेरी दालन. कुणाला रिक्षात विसरलेली पिशवी परत मिळाली, कुणाच्या बाल्कनीत बुलबुलाने घरटं केलं, कुणी मुलाकडे अमेरिकेला जाऊन डिशवॉशर पाहिला. निवृत्त माणसाने नीट अक्षरात लिहावं आणि अख्ख्या शहराने चहाबरोबर वाचावं, असा हा मजकूर. त्याची थट्टा करणारे पुष्कळ निघाले आणि थट्टेला जागाही भरपूर होती. पण थट्टा करणारेही ते रोज वाचत होते. बुलबुलाच्या पिल्लांचं काय झालं हे त्यांनाही हवं होतं.

बुलबुलांपलीकडचंही काही घराघरांत होतं. जून १९८२मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत सासरच्या आयुष्याबद्दलची निराशा होती. खटल्यात ती पत्रं पुरावा म्हणून वाचली गेली. खालच्या न्यायालयात झालेली शिक्षा उच्च न्यायालयाने पतीपुरती कायम केली, पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्यावर दोष ठरवताना कोणत्या कसोट्या लावायच्या हे सांगणारा तो निकाल आजही न्यायालयांत उद्धृत होतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यातली तत्त्वं पाठ असतात. पुण्यातल्या बायकांच्या लक्षात राहिलं ते वेगळंच: एका मुलीने सांगितलं होतं, लिहून सांगितलं होतं, आणि ते सांगणं दोन-तीन पाकिटांतच राहिलं.

त्या काळच्या अस्वस्थतेतून उभ्या राहिलेल्या नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ नावाचं केंद्र चालवलं. इथे शहराची जुनी रीत मोडली. विरजण नाही, दळण नाही, हळदीकुंकू नाही. या आणि बोला. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सबबीशिवाय पायरी चढणं फार अवघड. ‘इकडून चालले होते, म्हटलं डोकावावं’ असं म्हणायचीही तिथे सोय नव्हती.

‘मुक्तांगण’ने याला वेगळं वळण दिलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र मुळात पिणाऱ्याच्या उपचारासाठी. पण दारुड्याच्या घरात सर्वांत जास्त बोलायचं साठलेलं असतं ते त्याच्या बायकोकडे. अशा बायकांचा ‘सहचरी’ हा गट तिथे आहे. पगाराच्या दिवशी पाकीट कुठे लपवायचं, शेजारी आरडाओरडा ऐकतात तेव्हा काय सांगायचं, तो बरा झाल्यावरही संध्याकाळी सातला पोटात गोळा का येतो, हे दुसऱ्या सहचरीलाच समजतं. इथली सबब उपचाराची, म्हणून घरच्यांकडून परवानगीही मिळते. अशा गटांत बोललेलं बाहेर न्यायचं नाही असा दंडक असतो. वाड्याच्या नळाला तो कधीच नव्हता.

पार्किन्सन्सचे रुग्ण आणि त्यांच्या घरचे जमतात त्या पार्किन्सन्स मित्रमंडळात बोलणं आणखी बारीकसारीक गोष्टींवर येतं. हा आजार घरात शिरला की शर्टाची बटणं लागेनाशी होतात, सही बारीक होत जाते, आणि चालता चालता माणूस नेमका दारात थिजतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. घरच्यांना वाटतं मुद्दाम करतायत. मग कुणीतरी सांगतं, मोठ्याने एक-दोन-एक-दोन म्हणायला लावा, किंवा दारापाशी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवा. पट्टी ओलांडायची म्हटली की पाय उचलला जातो. गोळी आणि दुधाचा पेला एकत्र नको, हेही तिथे कानावर पडतं. हे डॉक्टरही सांगतातच, पण त्यांच्या दहा मिनिटांत विचारायचं सुचत नाही. अशा बैठकींत रडणं कमी आणि पट्टी कुठल्या दुकानात मिळाली हेच जास्त.

बागेकडे वळलं की सूर लगेच बदलतो. झाड मेलं तर कुणी नावं ठेवत नाही, म्हणून अपयशाबद्दल पुणेकर सर्वांत मोकळेपणी बोलतो तो कुंड्यांविषयी. १८३०पासून चालत आलेली ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरवते. तिथे बक्षीस मिळालेल्या गुलाबासमोर उभे राहून लोक स्वतःच्या वाळलेल्या गुलाबाची कथा अनोळखी माणसाला सांगतात. पिठ्या ढेकणावर निंबोळी अर्क की साबणाचं पाणी, यावर पंधरा मिनिटं सहज जातात. तंबाखूचं पाणी सुचवणारे एक आजोबा प्रत्येक घोळक्यात असतातच.

२०१६ साली अदिती देवधर यांनी पुण्यात सुरू केलेला ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम याच स्वभावावर उभा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं पानं टाकतात आणि शहरभर ती जाळली जातात. ज्यांच्या आवारात मोठी झाडं आहेत त्यांना पानं नकोशी, आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना तीच हवी असतात, कुंडीत आच्छादनाला किंवा खताला. या दोघांची गाठ घालून द्यायची, एवढीच कल्पना. पोती एका घरातून दुसऱ्या घरी जाऊ लागली. पोतं न्यायला आलेला माणूस मग खतात अळ्या झाल्याचं सांगतो, वरच्या मजल्यावरचे वासाबद्दल तक्रार करतात हे सांगतो, आणि गच्चीतून खालच्या फ्लॅटमध्ये गळती झाल्यावर सोसायटीच्या सभेत काय रामायण झालं हेही सांगतो. पानांना पैसे पडत नाहीत. ऐकून घ्यावं लागतं.

पुरुषांचं काय? जात्यापासून भिशीपर्यंतच्या या सगळ्या यादीत ते फारसे दिसत नाहीत. पुण्यात कट्ट्यांची कमतरता कधीच नव्हती. पर्वतीच्या पायथ्यापासून वेताळ टेकडीपर्यंत रोज सकाळी घोळके जमतात. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पहिला हास्यक्लब काढला आणि ती लाट पुण्यात आली ती इथलीच होऊन बसली. ‘नवचैतन्य हास्ययोग परिवारा’च्या शाखा बागाबागांतून भरतात. परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांची ‘एनआरआयपीओ’ ही संघटनाही याच शहरात चालते. तिथे व्हिसा, विमा आणि घराच्या किल्ल्या कुणाकडे ठेवायच्या हे विषय निघतात, आणि किल्ल्यांवरून बोलणं हळूहळू एकटेपणावर येतं. नारी समता मंचाने पुरुषांसाठीही संवाद केंद्र काढून पाहिलं.

तरी टेकडीवर बहुतेक वेळ जातो तो खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून किती टीएमसी पाणी आहे, यावर. दशांश चिन्हानंतरचेही आकडे लोकांना तोंडपाठ असतात. घरातली गोष्ट निघालीच तर उतरणीला निघते, तीही ‘आमच्या ओळखीत एकांकडे’ अशी सुरुवात होऊन. त्या एकांची बायको अलीकडे नावं विसरते, गॅस चालू ठेवून देवळात जाते, परवा तर सोसायटीचं फाटक चुकली. ऐकणाऱ्याला ते एक कोण हे कळलेलं असतं. तो चालता चालता, पुढे बघतच विचारतो, ‘मग त्यांनी डॉक्टर कुठले गाठले?’